खोली आणि जात : बडोदे ते धामणगाव

धामणगाव रेल्वे येथील एका महाविद्यालयात इतिहास शिकवण्यासाठी मी रुजू झालो, त्या दिवशी माझ्या खिशात दोन कागद होते. एक नियुक्तिपत्र आणि दुसरे वहीचे फाडलेले पान. त्या पानावर सहकाऱ्यांनी सांगितलेले खोल्यांचे पत्ते होते. पहिल्या कागदाने माझे काम अर्ध्या तासात केले. सही झाली, हजेरीपटावर नाव चढले, वर्ग मिळाला. दुसऱ्या कागदावरचे पत्ते मात्र एकामागून एक खोडत जावे लागले. शेवटचा पत्ता खोडून होईपर्यंत दिवाळी येऊन गेली.

माझे वडील अकोला जिल्ह्यात आयुष्यभर सालदार होते. घरात पदवी घेणारा पहिला मीच. त्यामुळे नोकरी मिळाली म्हणजे सारे मिळाले, अशी आमच्या घरची समजूत. बायको आणि चार वर्षांची मुलगी सोबत आणायची होती म्हणून मी दोन खोल्या, नळ आणि जवळपास बालवाडी एवढेच शोधत होतो. पहिल्याच घरमालकाने प्रसन्न मुद्रेने विचारले, "फॅमिली हाय नं सर? मंग चालते. आमी पोट्टेसोट्टे ठेवत नाही." भाडे ठरले. मग त्याने माझ्या आडनावाचा पुन्हा उच्चार केला. ते गावावरून पडलेले, कोणत्याही जातीत सापडणारे आडनाव आहे. "म्हंजे कोन तुमी?" मी म्हणालो, "बौद्ध." तो थोडा वेळ अंगणाकडे पाहत राहिला. "मले तसं काही नाही सर. पन वरत माही म्हातारी राह्यते. तिले चालत नाही."

दुसऱ्या घरी मटणाचा प्रश्न निघाला. तिसऱ्या ठिकाणी खोली "कालच देऊन टाकली" होती. त्याच संध्याकाळी माझ्या एका सवर्ण सहकाऱ्याने फोन केला तेव्हा ती पुन्हा रिकामी झाली. चौथ्या ठिकाणी प्रश्नच विचारला गेला नाही. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राची निळी फीत पाहून तिथे उत्तर मिळाले. कोणीही शिवी दिली नाही, कोणी काठी उगारली नाही. दोन ठिकाणी तर चहासुद्धा मिळाला. माणूस म्हणून, प्राध्यापक म्हणून मी सगळ्यांना मान्य होतो. माझे कुटुंब मात्र त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणार, ही गोष्ट मान्य नव्हती.

हे माझ्या एकट्याचे रडगाणे नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला त्यात एक जुनी मांडणी दिसते आणि ती मांडणी वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेख.

त्या मांडणीचा सर्वांत स्पष्ट पुरावा बडोद्याचा आहे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंडमधून शिकून परतले. शिष्यवृत्तीच्या करारानुसार त्यांना बडोदे संस्थानात नोकरी करायची होती. संस्थान कोणाचे होते, हे लक्षात घेतले पाहिजे. सयाजीराव गायकवाडांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या होत्या, १९०६ साली संस्थानभर सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले होते. हिंदुस्थानात त्या काळी यापेक्षा अनुकूल राजा शोधून सापडला नसता. महालेखापालाच्या कचेरीत बाबासाहेबांची नेमणूकही झाली. कचेरी मिळाली, पण राहायचे कुठे?

हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे ते एका पारशी धर्मशाळेत गेले. तिथे फक्त पारशांनाच राहता येत असे. रखवालदार आणि ते यांच्यात तडजोड झाली : नोंदवहीत पारशी नाव लिहायचे आणि रोजचा दीड रुपया द्यायचा. वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेल्या दालनाशेजारची एक लहान खोली, रात्री कंदिलाचा उजेड, सोबतीला कोणी नाही. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले. संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे त्यांनी बजावले. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे आसरा मागितला. एक हिंदू, तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती, तो म्हणाला, बायकोला विचारावे लागेल. दोघांचीही मूळ जात ब्राह्मण. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला. परदेशी पदव्या घेतलेला तो माणूस त्या बागेत रडला, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

या प्रसंगाकडे आपण नेहमी अपमानाची कथा म्हणून पाहतो. ती तशी आहेच. परंतु त्यातल्या उत्तरांकडे नीट पाहा. हिंदू मित्राने नोकर पुढे केले, ख्रिस्ती मित्राने बायको पुढे केली आणि माझ्या घरमालकाने म्हातारी पुढे केली. "मला काही नाही" हे वाक्य शंभर वर्षांत बदललेले नाही. नकार देणारा नेहमी सुधारलेला असतो आणि नकाराचे कारण नेहमी घरातले कोणीतरी दुसरेच असते. शिवाय जात आडवी येते ती पाणी, चूल, मोरी आणि अंगण जिथे सामायिक असते तिथे. कचेरीत माणूस दिवसाचे काही तास असतो, त्याची फाइल वेगळी, टेबल वेगळे. घरात मात्र बायका असतात, मुले एकत्र खेळतात, वाटीभर साखरेची देवाणघेवाण होते. राजाचा हुकूम कचेरीच्या दारापर्यंत चालतो. घराच्या उंबरठ्याच्या आत चालतो तो जातीचाच कायदा. म्हणून एकट्या पुरुषाला लॉज मिळतो आणि कुटुंब आणायचे म्हटले की गाव बंद होते.

बाबासाहेबांच्या आयुष्यात या प्रश्नाची चार उत्तरे दिसतात, आणि आपल्या पिढ्या आजही त्याच चार वाटांनी चालत आहेत.

पहिली वाट नाव लपवण्याची. बडोद्यात ती अकरा दिवस टिकली. पुढे बाबुराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेत नेमकी हीच वाट मांडली. नोकरीनिमित्त गुजरातेत गेलेला रेल्वेतला तरुण, खोलीसाठी लपवलेली जात आणि शेवटी मार. १९६३ साली याच कथेच्या नावाने त्यांचा संग्रह आला आणि दलित कथेला नवे वळण मिळाले. त्या वळणाच्या मुळाशी भाड्याच्या खोलीचा प्रश्न आहे, हे आपण वर्गात शिकवताना सांगतो का? मलाही मोह झाला, हे कबूल करतो. माझे आडनाव मला मदत करायला तयार होते. गप्प राहणे एवढेच काम होते. पण घरी विषय काढला तेव्हा बायकोने विचारले, "मंग बाबासाहेबांचा फोटो कुठी लावाचा? पेटीत? अन् पोरीनं कोनाले जयभीम केला त?" मी काही बोललो नाही. ती म्हणाली, "जात सांगून भेटन ते घर. नाही त तुमी जाणंयेणं करा." खोलीसाठी मुलीला खोटे बोलायला शिकवावे लागेल, हा हिशेब माझ्या आधी तिने केला होता.

दुसरी वाट सरकारी घराची. बडोद्यात बाबासाहेबांनी संस्थानच्या बंगल्यासाठी दिवाणांकडे अर्ज केला होता, त्याचा निकाल वेळेवर लागला नाही. पुढे मुंबईत परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील दोन खोल्यांत त्यांनी संसार आणि अभ्यास केला. आपल्याकडे रेल्वे, पोस्ट, वीज मंडळ यांच्या वसाहतींनी अनेक दलित कुटुंबांना पहिल्यांदा गावकुसाबाहेरचे नसलेले घर दिले. क्वार्टर हुद्द्याप्रमाणे मिळते, आडनावाप्रमाणे नाही. याचे महत्त्व आपल्या इतिहासात पुरेसे नोंदले गेलेले नाही. पण तासिका तत्त्वावर किंवा खाजगी संस्थेत शिकवणाऱ्याला क्वार्टर कुठले? राज्य जसजसे नोकरीतून अंग काढून घेते, तसतसे ते घरातूनही अंग काढून घेते.

तिसरी वाट स्वतःच्या घराची. १९३०नंतरच्या दशकात बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, ते मुख्यतः पुस्तकांसाठी. ज्याला बडोद्यात कंदिलाच्या उजेडात पडक्या दालनाशेजारी झोपावे लागले, त्याने शहराच्या मध्यवस्तीत घर बांधावे, यात एक जबाब आहे. पण ही वाट पैशाची आहे. सालदाराच्या मुलाला तिथपर्यंत पोचायला निम्मी नोकरी जाते.

चौथी वाट स्वतंत्र वसाहतीची. १९४२च्या जुलैमध्ये नागपूरला झालेल्या अखिल भारतीय परिषदेत दलितांच्या स्वतंत्र गावांची मागणी करणारा ठराव झाला. त्यामागचा विचार सरळ होता : खेड्यात अल्पसंख्य म्हणून दुसऱ्याच्या मर्जीवर जगणे थांबले पाहिजे. आज प्रत्येक तालुक्याच्या गावी आपली नगरे उभी आहेत, विहार आहेत, वाचनालये आहेत. तिथे मला दुसऱ्याच दिवशी खोली मिळाली असती. मग मी तिथे का गेलो नाही? हा प्रश्न मला एका कार्यकर्त्याने रागाने विचारला आणि तो योग्यच होता. माझे उत्तर एवढेच : आपल्या वस्तीत राहणे ही माझी निवड असेल तर ती अभिमानाची गोष्ट आहे. बाकीचे गाव बंद आहे म्हणून तिथे जाणे ही निवड नव्हे, ते गावकूस आहे. १९४२च्या ठरावात जमिनीची आणि सत्तेची मागणी होती. आज शहरात आपल्याला मिळते ती जमीन नाही, सत्ता नाही, फक्त वेगळेपणा मिळतो.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १५व्या कलमात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे, भाड्याच्या घराचा नाही. १९५५च्या कायद्याने, ज्याला १९७६पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, ती उणीव भरून काढली. कोणत्याही वस्तीत राहती जागा बांधण्यास, घेण्यास वा तिच्यात राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून अटकाव करणे हा त्याच्या चौथ्या कलमाने गुन्हा ठरतो. अनुसूचित जातीच्या माणसाबाबत असे कृत्य घडले तर ते अस्पृश्यतेपोटीच घडले, असे न्यायालयाने गृहीत धरावे, अशीही तरतूद आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकालाही हे कलम ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी "खोली कालच दिली" या वाक्यावर पंचनामा कसा करणार? याउलट २००५ साली अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व फक्त पारशांपुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम मान्य केला. बडोद्याची धर्मशाळा आणि अहमदाबादची संस्था यांत अंतर आहे. अल्पसंख्याकांनी एकत्र राहण्याची भीती आणि गरज आपल्याला समजते. परंतु त्याच तर्काचा आधार घेऊन बहुसंख्याकांच्या सोसायट्या दारे लावून घेतील, तर कोणाला बाहेर राहावे लागेल, हे सांगायला नको.

आता धामणगावाकडे येऊ. धामणगाव बढे, धामणगाव गढी यांच्यापासून वेगळे ओळखण्यासाठी या गावाच्या नावापुढे 'रेल्वे' लागले. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला भाव आला आणि १८६७पर्यंत लोहमार्ग नागपूरला पोचला. शेजारी जुनी गावे होतीच, दत्तापूरचे नाव आजही जोडून घेतले जाते. पण स्टेशनाभोवतीची पेठ वाढवली ती कापसाने. व्यापारी बाहेरून आले, रेल्वेचे नोकर बाहेरून आले, जिनातले मजूर आणि हमाल आजूबाजूच्या खेड्यांतून आले. या पेठेला ना वेस होती, ना पांढरीचा मान. येथे सगळेच उपरे, प्रत्येकाच्या आजा-पणजाने कधीतरी कोणाकडे तरी जागा मागितलेली. मग इथे गावकूस कोणी आखले? उत्तर उघड आहे. माणसांनी सामानासोबत जातही गाडीतून उतरवली. शहर आले, यंत्र आले, की जात जाईल, अशी आशा बाळगणाऱ्यांनी वऱ्हाडातल्या कोणत्याही स्टेशनगावात येऊन दोन खोल्या मागाव्यात.

हेही सांगितले पाहिजे की या जिल्ह्यात दुसरी परंपराही आहे. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला असताना १३ नोव्हेंबरला अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. पंजाबराव देशमुखांनी त्या लढ्याला साथ दिली आणि सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे श्रद्धानंद छात्रालय चालवले. एका छपराखाली निजणे आणि एका पंक्तीत जेवणे, हे या मातीत घडलेले आहे. ते वसतिगृहातून वाड्यात का शिरले नाही, हा आपल्या इतिहासापुढचा प्रश्न आहे. याच जिल्ह्यातून वर आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांनी सहकाऱ्यांसह २०१२ साली दिल्ली आणि भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली. सवर्ण नावांना होकार आणि दलित व मुसलमान नावांना नकार, हा भेद त्यांनी मोजून दाखवला. म्हणजे हे धामणगावचे वैगुण्य नाही, देशाचे आहे.

मी पाच महिने बडनेऱ्याहून अप-डाऊन केले. शेवटी एका निवृत्त रेल्वे कामगाराने दोन खोल्या दिल्या. त्याने विचारले, "पोरगी शाळेत जाते का? नळ सकाळी येते, लाइटचं बिल येगळं." मी आपण होऊन बौद्ध असल्याचे सांगितले. तो म्हणाला, "ते मी इचारलं का?" बायकोने पहिल्या दिवशी समोरच्या भिंतीवर फोटो लावला. मला हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याचा रागही आला. जो प्रश्न विचारलाच जायला नको होता, तो न विचारल्याबद्दल मी कृतज्ञ झालो होतो.

बडोद्याचा प्रसंग आपल्याला माहीत आहे, तो कोणत्या दप्तरात सापडला म्हणून नव्हे. ज्याच्यावर तो गुदरला त्याने तो लिहून ठेवला आणि १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते टिपण छापले म्हणून. धर्मशाळेच्या वहीत तर पारशी नावच राहिले असणार. खोली नाकारल्याची नोंद नाकारणारा ठेवत नाही. म्हणून मी यंदा माझ्या विद्यार्थ्यांना काम दिले आहे : आपल्या घरातल्या, वस्तीतल्या माणसांना विचारा, कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणत्या नोकरीसाठी घर शोधले, काय विचारले गेले, काय उत्तर दिले. पहिल्या आठवड्यात सतरा वह्या आल्या. त्यांतल्या नऊ वह्यांत "मला काही नाही, पण" हे शब्द आहेत. या नियतकालिकाच्या वाचकांनीही आपापल्या गावी ही नोंद सुरू करावी. साल आणि गाव लिहायला विसरू नये.