अंधबिंदू

अंधबिंदू म्हणजे डोळ्याच्या दृष्टिपटलावरील अशी जागा, जिथे प्रकाशसंवेदी पेशी नसतात व त्यामुळे तिथे पडणाऱ्या प्रतिमेचे ज्ञान होत नाही. लाक्षणिक अर्थाने, एखाद्या व्यक्तीला, समाजाला किंवा ज्ञानशाखेला जी उणीव स्वतःहून जाणवत नाही तिलाही अंधबिंदू म्हणतात.

शरीररचना

दृष्टिपटलावरील तंतू ज्या ठिकाणी एकत्र येऊन दृक्‌तंत्रिकेच्या रूपाने मेंदूकडे जातात, तिथेच अंधबिंदू असतो. प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिक्षेत्रात तो मध्यापासून कानाच्या बाजूस सुमारे १५ अंशांवर येतो. सतराव्या शतकात फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एदमे मारियोत यांनी तो दाखवून दिला. कागदावर डावीकडे फुली व तिच्यापासून ८ सेंमी उजवीकडे ठिपका काढावा. डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने फुलीकडे एकटक पाहत कागद पुढेमागे करावा. साधारण ३० सेंमी अंतरावर ठिपका नाहीसा होतो. त्याच्या जागी काळे भोक मात्र दिसत नाही, कागदच दिसतो, कारण आजूबाजूच्या दृश्यावरून मेंदू ती जागा भरून काढतो. काचबिंदूच्या रुग्णाला दृष्टी कमी होत असल्याचे बराच काळ कळत नाही, त्याचे एक कारण हेच आहे. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू दृष्टिपटलाच्या मागून निघतात, त्यामुळे त्याला अंधबिंदू नसतो.

वाहनचालकाला आरशातही न दिसणाऱ्या भागाला याच साम्यावरून हे नाव मिळाले. भारतात चालक उजवीकडे बसत असल्याने ट्रक किंवा एसटी बसच्या डाव्या अंगाला हा भाग मोठा असतो. बुलढाणा–मलकापूर मार्गावरील राजूर घाटासारख्या ठिकाणची अंध वळणे ही वेगळी बाब होय. तिथे डोंगर आड येतो आणि पुढचे दिसत नाही हे चालकाला ठाऊक असते.

लाक्षणिक अर्थ

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण या अर्थाच्या जवळ जाते, पण तो अंधार निदान इतरांना दिसतो व दाखवताही येतो. अंधबिंदूत अंधारच जाणवत नाही. एमिली प्रोनिन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ‘पूर्वग्रहाचा अंधबिंदू’ ही संकल्पना मांडली: इतरांचे पूर्वग्रह ओळखणारी माणसे स्वतः त्यांपासून बरीच मुक्त आहेत असे समजतात.

लोणारचे उदाहरण

विज्ञानातील अशा अंधबिंदूचे बोलके उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे आहे. सुमारे १.८ किमी व्यासाचे हे विवर कधीच लपलेले नव्हते. लवणासुराच्या वधाची कथा त्याच्याशी जोडलेली आहे आणि १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. परंतु भोवताली सर्वत्र दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे ज्वालामुखीजन्य बेसाल्ट, असल्याने विवरही ज्वालामुखीचेच असणार असे दीर्घकाळ मानले गेले. स्पष्टीकरण आधीच हाताशी असल्याने वेगळा प्रश्न फारसा विचारला गेला नाही.

अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांची गोष्ट अधिकच विलक्षण आहे. चंद्रावरील विवरे आघाताने झाली, असे त्यांनी १८९३ मध्ये प्रतिपादन केले होते. तरीही ॲरिझोनातील विवराची पाहणी करून ते वाफेच्या स्फोटाने झाले असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि १८९६ मध्ये त्याच्या जोडीला लोणारचा दाखला दिला. दोन्ही विवरांतील साम्य त्यांनी अचूक हेरले होते, चूक कारणात होती. विवराखाली लोखंडी अशनी गाडलेला असेल तर चुंबकसूची विचलित व्हावी, अशी त्यांची अपेक्षा होती. मोजणी काळजीपूर्वक होती, पण आदळणारा अशनी बव्हंशी चूर्ण होऊन व वितळून विखुरतो हे तेव्हा ज्ञात नव्हते. त्यामुळे हा दोष निष्काळजीपणाचा म्हणता येत नाही.

१९६४ मध्ये लाफाँड व डिट्झ यांनी लोणारबाबत अशनिपाताची शक्यता मांडली. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम यांनी तेथील खडकांत मास्केलिनाइट आढळल्याचे प्रसिद्ध केले. तीव्र आघाताच्या दाबाने फेल्डस्पार खनिजाचे हे काचसदृश रूप तयार होते, ज्वालामुखीत नाही. ज्या बेसाल्टमुळे दिशाभूल झाली, त्याच्यामुळेच लोणारचे महत्त्व आज मोठे आहे: बेसाल्टमधील आघातविवरे पृथ्वीवर अत्यंत दुर्मीळ असल्याने चंद्र व मंगळावरील विवरांच्या अभ्यासासाठी ते उपयोगी पडते. त्याच्या वयाविषयी मात्र मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२,००० वर्षे, तर दुसरीने सुमारे ५,७०,००० वर्षे येते.