शेअर बुडाले मुंबईत, कापूस होता वऱ्हाडचा: १८६५ च्या घोटाळ्याकडे संशोधक म्हणून कसं बघायचं?

आर्थिक गुन्ह्यांवरचे चित्रपट आपण आवडीने बघतो. ‘गफला’ (२००६) घ्या किंवा ‘द बिग बुल’ (२०२१) घ्या. दोन्हींच्या मागे १९९२ चा शेअर घोटाळा आहे. दोन्हींत एक हुशार माणूस झपाट्याने वर जातो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. चित्रपटाला असा माणूस लागतोच. पण संशोधनाचा विषय निवडताना आपणही असाच नायक शोधत बसलो तर गडबड होते. कशी, ते मुंबईच्या १८६५ च्या घोटाळ्यावरून बघू. त्याचा एक धागा थेट आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, खामगावला येतो.

आधी घटनाक्रम. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं आणि तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांतून इंग्लंडला जाणारा कापूस अडला. लँकेशायरच्या गिरण्यांना दुसरा कापूस हवा होता, तो हिंदुस्थानातून जाऊ लागला. भाव कडाडले, मुंबईत अफाट पैसा आला. या पैशाने बँका, वित्त कंपन्या आणि समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपये दर्शनी किमतीचा शेअर सुमारे ५०,००० पर्यंत गेला. सगळ्यांच्या तोंडी नाव एकच, प्रेमचंद रायचंद. एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं, कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ ही वायद्याचे व्यवहार पुरे करायची तारीख होती. त्या दिवशी देणेकऱ्यांकडे पैसाच नव्हता. पुढे बँक ऑफ बॉम्बे बुडाली आणि १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली.

आता चित्रपटवाला विचारेल, ‘गुन्हेगार कोण?’ उत्तर तयारच आहे, प्रेमचंद. बँकेवर त्यांचा प्रभाव मोठा होता, हे खरंच आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक प्रश्न विचारायचा: नियम कधी बदलला? बँक ऑफ बॉम्बे १८४० ची, सरकारचा तिच्यात हिस्सा, संचालक मंडळावर सरकारी माणसं. १८६३ च्या दहाव्या कायद्याने या बँकेला कंपन्यांच्या शेअरवर कर्ज द्यायची मुभा मिळाली. म्हणजे काय तर, फुगलेला शेअर तारण ठेवायचा, कर्ज घ्यायचं आणि त्यातून आणखी शेअर घ्यायचे. चौकशीसाठी सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्यानेही या कायद्याने मिळालेल्या अधिकारांच्या गैरवापरावर आणि बँकेच्या चिटणिसांवर बोट ठेवलं. एकट्या प्रेमचंदांकडे बघत राहिलं की हा कायदा करणारे आणि मंडळावर बसलेले सरकारी संचालक नजरेआड होतात.

१९९२ बाबतही हेच. दलालाच्या हाती बँकांचा पैसा गेला कसा, याचं उत्तर त्याच्या स्वभावात सापडणार नाही. बँकांमधल्या रोख्यांच्या व्यवहारात आणि बँक रिसीटच्या पद्धतीत सापडेल. जानकीरामन समितीचे अहवाल त्यासाठीच वाचायचे.

पण थांबा, इथे दुसरा सापळा आहे. चौकशी अहवाल हे फार मोहक साधन असतं. साक्षी, आकडे, तारखा सगळं एका जागी मिळतं. जॅक्सन आयोगापुढचा प्रश्न होता बँकेचा पैसा कुठे गेला, हा. कापूस पिकवणाऱ्याचं काय झालं, हे विचारणं त्याचं कामच नव्हतं. आपण फक्त अहवालावर विसंबलो तर आपल्याही प्रबंधातून शेतकरी गायब होणार, आणि ते आपल्या लक्षातही येणार नाही.

म्हणून खामगावकडे यायचं. खामगाव ही वऱ्हाडातली कापसाची मोठी बाजारपेठ. गंमत बघा: जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो १८७० मध्ये, म्हणजे तेजी ओसरून पाच वर्षं झाल्यावर. मुंबईतला फुगा फुटला, पण वऱ्हाडचा कापूस जगाच्या बाजाराला बांधण्याचं काम त्यानंतरच जोरात चाललं. पडत्या भावाच्या काळात हा प्रदेश कापसावर अधिकाधिक अवलंबून होत गेला. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडातल्या कापसाचा आणि दुष्काळाचा संबंध जोडून अभ्यास केला आहे, तो जरूर वाचा. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ समजून घेताना १८६५ पर्यंत मागे जावं लागतं, ते यामुळे.

आता अगदी कामाची गोष्ट. खामगावची १८६० च्या दशकातली कागदपत्रं ‘बुलढाणा’ नावाखाली शोधाल तर हाती फार काही लागणार नाही. खामगाव आणि जळगाव (जामोद) हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. तेव्हा आधी अकोल्याची दप्तरं बघा. मलकापूर, चिखली, मेहकर मात्र बुलढाण्याकडेच सापडतील. तसंच साधनाचं साल तपासा. गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ चं आहे. त्या काळच्या मुंबईसाठी ते उत्तम साधन, पण पुढचा पडाव त्यात असणं शक्यच नाही.

तुमचा विषय पतसंस्थेचा असो, सहकारी बँकेचा असो की चिटफंडाचा, सिनॉप्सिस लिहायच्या आधी तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा. कोणत्या नियमाने हे शक्य झालं? पैसा मुळात कुणाच्या घामातून आला? आणि ज्यांचं नुकसान झालं, त्यांची साक्ष कोणत्या दप्तरात आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, त्यामुळे फील्डवर्कचं वेळापत्रक त्याच्याभोवती आखा.