यीस्टमधले चार पट्टे

लष्करात आम्हाला शिकवलं होतं की सायनाइड पोटात गेलं तर रक्तात ऑक्सिजन असूनही माणूस गुदमरतो. असं का?

उत्तराचा पहिला धागा 1880च्या दशकातला. इंग्लंडमधले डॉक्टर मॅकमन यांना स्नायूंच्या वर्णपटात काळे पट्टे दिसले. जर्मनीचे नामांकित होप-सायलर यांनी ते हिमोग्लोबिनचेच अवशेष ठरवले. मोठ्या माणसाचा शब्द! काम अडगळीत गेलं. 1911मध्ये मॅकमन वारले.

1925मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड केलिन यांना माशीच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये तसेच चार पट्टे दिसले. यीस्ट हवेत हलवलं की पट्टे गायब, स्थिर ठेवलं की हजर. म्हणजे या प्रथिनांतलं लोह इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढे देतं, रिले शर्यतीतल्या बॅटनसारखं. शेवटचा धावपटू तो ऑक्सिजनच्या हाती सोपवतो. सायनाइड नेमकं त्याच धावपटूच्या लोहाला चिकटतं. साखळी तिथेच थांबते.

केलिन यांनी या प्रथिनांना सायटोक्रोम हे नाव दिलं, आणि त्याच निबंधात मॅकमन यांचं काम खरं होतं, हेही नोंदवलं. चौदा वर्षं उशिरा का होईना, नोंद झाली.