मेमरीचे भाव आणि लासलगावचा कांदा



परवा इथे ऑकलंडला मुलीसाठी कॉम्प्युटर जोडायला घेतला आणि मेमरीचा भाव बघून डोळे पांढरे झाले. वर्षापूर्वीच्या दुपटीहून जास्त! निफाडला अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे तुमच्यात पण कांद्यासारखंच की!" हसलो, पण मागचा इतिहास चाळल्यावर पटलं.

२१ सप्टेंबर १९९९ ला तैवानमध्ये मोठा भूकंप झाला. वीज गेल्यामुळे शिंचूचे चिप-कारखाने थांबले आणि मेमरीचे भाव भडकले. पुढे डॉट-कॉमचा फुगा फुटला, २००१ मध्ये पीसीची मागणी आटली, माल मात्र येतच राहिला. भाव पार कोसळले. न्यूझीलंडमध्ये तर सगळी मेमरी आयातच, त्यामुळे वर विनिमयदराचाही फटका. २००० च्या अखेरीस किवी डॉलर ३९ अमेरिकन सेंटच्या आसपास उतरला होता.

हे असं का होतं? नवा कारखाना उभा राहायला दोनेक वर्षं आणि अब्जावधी डॉलर लागतात. भाव चढले की सगळेच कारखाने काढतात आणि सगळ्यांचा माल एकदमच बाजारात येतो. कांद्याचंही हेच. भाव बघून लागवड करायची, मग सगळ्यांचे ट्रॅक्टर एकाच वेळी लासलगावच्या बाजार समितीत!

फरक पुढे आहे. मंदीच्या फेऱ्यांत जर्मनीची किमोंडा (२००९) आणि जपानची एल्पिडा (२०१२) दिवाळखोरीत गेल्या. आता बहुतेक बाजार सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडे आहे. २०२२-२३ मध्ये भाव पडले तेव्हा तिघांनीही उत्पादन कमी केलं. २०२५ मध्ये एआयच्या डेटा सेंटर्सची मागणी वाढल्यावर माल तिकडे वळला. डिसेंबरात मायक्रॉनने घरगुती ग्राहकांसाठीचा 'क्रूशल' ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं.

तिघं जण असले की हात आखडता घेता येतो. कांदा पिकवणारे लाखो, त्यांना ते कसं जमणार? आणि भाव चढलाच, तर डिसेंबर २०२३ सारखी निर्यातबंदी येते.

मी सध्या निम्मीच मेमरी घेतली, उरलेली भाव उतरल्यावर घेईन. अण्णांना असं थांबता येत नाही. चाळीतला कांदा सडतो.

असो. चूभूद्याघ्या.