जोगलटेंभी नाणेनिधी

नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात, गोदावरी-दारणा संगमावरील जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला चांदीच्या नाण्यांचा साठा. युद्धाने चलनावर उमटवलेल्या खुणांचा महाराष्ट्रातला सर्वांत बोलका पुरावा हाच. क्षहरात घराण्यातील क्षत्रप (शक राज्यकर्ता) नहपानाची ही १३,२५० हून अधिक नाणी. त्यांतील सुमारे ९,२७० नाण्यांवर त्याचा पराभव करणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने एका बाजूस तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह असा आपला ठसा मारला. नव्या ठशाखालून नहपानाचा चेहरा आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अक्षरे अजून डोकावतात. चांदी आटवून नवी नाणी पाडण्यापेक्षा हे काम झटपट होणारे. शिवाय राजा बदलल्याची वार्ता नाण्यागणिक बाजारात पोचणारी. जमिनींचेही तसेच झाले. नहपानाचा जावई उषवदात याच्याकडे असलेले २०० निवर्तने शेत गौतमीपुत्राने राज्यवर्ष १८ मध्ये विजयी सैन्याच्या छावणीतून भिक्षूंना दिले, असे नाशिकच्या पांडवलेण्यांतील लेख सांगतो.

युद्धाची खूण रोमन नाण्यांवरही उमटली; पण रोमने युद्धखर्चासाठी चांदीलाच हात घातला. ॲक्टियमच्या लढाईपूर्वी (इ.स.पू. ३१) मार्क अँटनीने सैन्याच्या पगारासाठी हिणकस दिनारियस (चांदीची नाणी) पाडले; एका बाजूस गलबत, दुसऱ्या बाजूस गरुडध्वज व सैन्यदलाचा क्रमांक. पुढे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात दिनारियसमधील चांदी जेमतेम निम्मी उरली. गौतमीपुत्राने नाण्यावरचा राजा बदलला, धातू तसाच राखला. नाणे हाती घेणाऱ्याच्या दृष्टीने हा व्यवहार अधिक सचोटीचा होता.

नहपान-गौतमीपुत्र लढ्याची झळ मराठवाड्याच्या व्यापारालाही लागली असणार. लातूर जिल्ह्यातील रेणापूरच्या नैर्ऋत्येस तेरणाकाठचे तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातील तगर. तिथले कापड गाड्यांनी गुजरातेतील भडोच बंदराला जाई. रोमन सोन्या-चांदीची नाणी त्या बंदरात स्थानिक चलनाशी बदलताना नफा होई. कल्याणला चुकून लागलेली ग्रीक जहाजे मात्र पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही हाच ग्रंथ नोंदवतो. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन वस्तू मांडलेल्या आहेत. लातूर-रेणापूरकडच्या वाचकांनी त्या अवश्य पाहाव्यात.