सक्तीच्या शिक्षणाचा बडोदा प्रयोग आणि दारिद्र्यनिर्मूलन : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

विकसनशील देशांतील दारिद्र्य कमी करण्यासाठी शिक्षण हे प्रभावी साधन आहे, हे आज सर्वमान्य झाले आहे. जगातील सर्व प्रौढांनी माध्यमिक शिक्षण पूर्ण केले तर सुमारे ४२ कोटी लोक दारिद्र्यातून बाहेर पडू शकतील, असा अंदाज युनेस्कोने २०१७ साली मांडला. परंतु शिक्षणामुळे दारिद्र्य हटते ते नेमके कोणत्या मार्गाने, आणि कोठे हा मार्ग अडतो, या प्रश्नाचे उत्तर आकडेवारीपेक्षा इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते. आपल्याकडे असा एक प्रयोग शंभर वर्षांपूर्वीच झालेला आहे. बडोदा संस्थानातील त्या प्रयोगाचा आढावा घेणे आणि आजच्या शिक्षकाला त्यातून काय घेता येईल ते पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

सावली आणि बडोदा संस्थान

बडोद्याच्या उत्तरेस, मही नदीच्या बाजूला सावली हे तालुक्याचे गाव आहे. १७३२ मध्ये डाकोर येथे पिलाजीराव गायकवाडांची हत्या झाली व त्यांच्यावर सावली येथे अंत्यसंस्कार झाले. त्यामुळे गायकवाड घराण्याच्या इतिहासात या गावाला मानाचे स्थान आहे. राज्यकर्ते मराठी, रयत बहुतांशी गुजराती आणि शेतीवर जगणारी, असे या संस्थानाचे स्वरूप होते. कडी, बडोदा, नवसारी व अमरेली हे त्याचे चार प्रांत. सावली हा बडोदा प्रांतातला तालुका.

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी कुटुंबात जन्मलेले सयाजीराव १८७५ मध्ये दत्तक आले आणि १८८१ च्या अखेरीस त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. शिक्षण हा त्यांनी दानधर्माचा विषय न मानता राज्याच्या कर्तव्याचा मानला.

अमरेलीपासून संपूर्ण राज्यापर्यंत

सौराष्ट्रातील अमरेली शहर व आसपासची काही गावे निवडून १८९३ मध्ये तेथे सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करण्यात आले. या अनुभवाच्या आधारे १९०६ मध्ये कायदा करून सक्ती संपूर्ण राज्याला लागू झाली आणि सावलीसारख्या तालुक्यांतील खेडी तिच्या कक्षेत आली. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती.

हा काळ लक्षात घेणे आवश्यक आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने, ज्याला गुजरातेत छप्पनियो म्हणतात, संस्थानाचे कंबरडे मोडले होते. १८९१ च्या जनगणनेत सुमारे २४ लाख १५ हजार असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये १९ लाख ५३ हजारांवर आली. म्हणजे सक्तीचा कायदा आला तो सुबत्तेच्या दिवसांत नव्हे. राज्य श्रीमंत झाल्यावर शिक्षण परवडते, हा युक्तिवाद बडोद्याने तेव्हाच खोटा ठरविला.

नामदार गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचाच दाखला दिला. शाळेच्या वयाच्या मुलांपैकी बडोद्यात ७९.६ टक्के मुलगे शाळेत होते, तर ब्रिटिश हिंदुस्थानात २१.५ टक्के. मुलींचे प्रमाण बडोद्यात ४७.६ टक्के आणि ब्रिटिश हिंदुस्थानात अवघे ४ टक्के होते. मजहरुल हक व मुहम्मद अली जिना यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. तरीही मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

पटावरची मुले आणि घरातले दारिद्र्य

मात्र पटसंख्या हे यशाचे एकमेव माप नव्हे. गरीब घरात आठ-दहा वर्षांचे मूल हे कामाचे माणूस असते. गुरे राखणे, निंदणी करणे, धाकटी भावंडे सांभाळणे ही कामे त्याच्याकडे असतात. मोफत शाळेने फी वाचते, पण या श्रमाची भरपाई होत नाही. दंडाचा बोजाही अशाच घरावर पडतो. शिवाय चार-पाच इयत्ता शिकून शेतावर परतलेल्या मुलाच्या हाती पुन्हा पुस्तक पडले नाही तर अक्षरओळख पुसली जाते. सक्तीला पस्तीस वर्षे झाल्यानंतरही, १९४१ मध्ये, संस्थानातील साक्षरता एक-चतुर्थांशाच्या आतच राहिली. त्याच सुमारास त्रावणकोर निम्म्याच्या जवळ पोहोचले होते.

या उणिवांची जाणीव राज्यकर्त्यांना होती, हे त्यांच्या इतर उपक्रमांवरून दिसते. १८९० मध्ये प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन स्थापन झाले आणि रंगकाम, यंत्रकाम यांसारखे धंदेशिक्षण देशी भाषेतून मिळू लागले. १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारण्यात आले. शाळा सुटलेल्यांसाठी फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यांत पोहोचू लागल्या. १९०४ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यामागेही मुलींच्या हिताचा विचार होता.

शिक्षक कोण होते?

अंत्यजांसाठी स्वतंत्र शाळा १८८० च्या दशकाच्या आरंभी निघाल्या. तेथे शिकविण्यास सवर्ण शिक्षक तयार होईनात, तेव्हा ही जबाबदारी प्रामुख्याने मुस्लिम शिक्षकांनी उचलली. १९०८ मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम बडोद्यात येईपर्यंत या शाळांचा भार बराचसा त्यांच्यावरच होता. त्यांची नावे इतिहासात ठळकपणे येत नाहीत. पण कायदा कागदावरून वर्गात आणणारा माणूस शिक्षकच असतो, हे त्यांच्या कामावरून कळते.

शिक्षणानंतरचा बंद दरवाजा

बडोद्याच्या शिष्यवृत्तीचे सर्वांत मोठे फलित म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. मुंबईत पदवीसाठी शिकताना त्यांना दरमहा २५ रुपये, आणि १९१३ पासून कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळाले. करारानुसार ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीस आले. पण राहायला घर मिळाले नाही, कचेरीत विटाळ मानला गेला आणि थोड्याच दिवसांत त्यांना शहर सोडावे लागले. ज्या राज्याने शिकविले, त्याच राज्यातील समाजाने त्या शिक्षणाचे मोल नाकारले. व्यक्तीची पात्रता वाढली तरी घर व रोजगाराची दारे बंद असतील तर शिक्षण आणि उत्पन्न यांचा दुवा तुटतो.

कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांनी हे ओळखले होते. १९१७ च्या सक्तीच्या शिक्षणापूर्वीच त्यांनी मुस्लिमांसह विविध समाजांसाठी वसतिगृहे उभी करण्यास साहाय्य केले आणि १९०२ मध्ये नोकऱ्यांत राखीव जागा ठेवल्या. शाळा, निवारा व रोजगार ही साखळी त्यामुळे जुळली.

निष्कर्ष

गोखल्यांनी मागितलेला हक्क देशाला २००९ च्या कायद्याने, १ एप्रिल २०१० पासून मिळाला. तथापि सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदविले होते की ६ ते १४ वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एक तर कधीच शाळेत गेली नव्हती किंवा त्यांनी शाळा सोडली होती. सावलीत आज मेट्रोचे डबे बनविणारा कारखाना उभा आहे. गावात कारखाना येणे आणि गावच्या मुलाला त्यात कुशल काम मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमधले अंतर धंदेशिक्षण, शिष्यवृत्ती आणि भेदभावरहित भरती यांनीच भरून निघेल.

बडोद्याचा धडा थोडक्यात असा : कायदा मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणतो, परंतु दारिद्र्य हटते ते शाळेच्या पुढची वाट मोकळी झाल्यावर. ही वाट प्रामुख्याने महाविद्यालयाच्या टप्प्यातून जाते. म्हणून प्रवेशाची संख्या मोजताना मधेच गळालेले विद्यार्थी कोणत्या घरचे आहेत व ते कशामुळे गेले, याची नोंद प्रत्येक महाविद्यालयाने ठेवली पाहिजे. दारिद्र्यनिर्मूलनाचे काम आपल्या हातात जेवढे आहे, ते या नोंदीपासून सुरू होते.