चौकाचं गाऱ्हाणं

आपल्या घराजवळचा चौक धोक्याचा झाला आहे असं राहणाऱ्यांना वाटू लागलं की ते काय करतात? एक अर्ज लिहितात. खाली पन्नास-साठ सह्या असतात. ‘शाळेच्या मुलांना व वृद्धांना रस्ता ओलांडणे अवघड झाले आहे, तरी सिग्नल अथवा स्पीड ब्रेकर बसवावा, ही नम्र विनंती.’ असे अर्ज गावोगावच्या कार्यालयांत वर्षानुवर्षं येत आहेत. त्यांना मिळणारं उत्तरही बरेचदा ठरलेलं असतं. ‘पाहणी केली. सदर ठिकाणी वाहनांची व पादचाऱ्यांची संख्या निकषापेक्षा कमी आढळली.’ अशाच एका बैठकीला मी रहिवासी म्हणून बसलो होतो. आमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर साहेबांनी एकच प्रश्न विचारला, ‘आजवर अपघात किती झाले?’ प्रश्नात वाईट हेतू नव्हता. पण तेव्हापासून मी चौकांचा इतिहास शोधून वाचू लागलो. आज त्याबद्दलच चार गोष्टी सांगायच्या आहेत.

जगातला पहिला वाहतूक सिग्नल उभा राहिला तो १८६८ च्या डिसेंबरात, लंडनमध्ये. तेव्हा मोटारी नव्हत्या, घोडागाड्या होत्या. जे. पी. नाइट नावाच्या रेल्वे अभियंत्यानं रेल्वेच्या सिग्नलसारखाच हात वर-खाली होणारा एक खांब तयार केला आणि रात्रीसाठी त्यावर लाल-हिरवा गॅसचा दिवा बसवला. पोलीस शिपाई तो हातानं चालवत असे. महिनाभरातच गॅसचा स्फोट होऊन शिपाई जखमी झाला आणि पुढे तो प्रयोग बंदच पडला. पण हा खांब उभा कुठे होता? ब्रिटिश संसदेच्या दारात. ज्या चौकातून खासदारांची पायी ये-जा होती, त्या चौकाचं गाऱ्हाणं सर्वांत आधी ऐकलं गेलं. कोणाचं ऐकलं जातं आणि कोणाचं राहून जातं, हा प्रश्न सिग्नलच्या जन्मापासूनचा आहे.

पुढे मोटारी आल्या. एकट्या ब्रिटनमध्ये १९३४ साली रस्त्यावर ७,३४३ माणसं मेली. त्याच वर्षी लेस्ली होर-बेलिशा हे तिथे वाहतूकमंत्री झाले. त्यांनी पादचाऱ्यांच्या ओलांडणीच्या जागी काळ्या-पांढऱ्या खांबांवर नारिंगी गोळे लावले. पुढल्या वर्षी वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी तीस मैलांची मर्यादा आली. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं झेब्रा क्रॉसिंग तिथे कायद्यानं आलं ते १९५१ मध्ये.

आता प्रश्न असा आला की हे पट्टे आणि हे दिवे नेमके कुठे लावायचे? मागणी सगळीकडून, आणि पैसा थोडा. त्यात सिग्नल नको तिथे बसवला तर लोक तो जुमानत नाहीत, आणि मग हवा तिथलाही जुमानेनासे होतात. तेव्हा काहीतरी निकष हवा, हे अभियंत्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्यातून मोजणीचे नियम तयार झाले. अमेरिकेच्या सिग्नल बसवण्याच्या नियमावलीत अनेक वर्षं एक कसोटी अशी होती, की बारा महिन्यांत त्या चौकात किमान पाच असे अपघात झालेले असावेत, जे सिग्नल असता तर टळले असते. ब्रिटनमध्ये एक सूत्र वापरात आलं. तासाला रस्ता ओलांडणारी माणसं गुणिले तासाला जाणाऱ्या वाहनांच्या संख्येचा वर्ग.

हेच सूत्र आपल्याकडेही आलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या पादचारीविषयक मार्गदर्शक तत्त्वांत ते आहे. मधोमध दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हा गुणाकार दहा कोटींच्या वर गेला, तर ओलांडणीची सोय करावी. म्हणजे हिशेब असा, की तासाला हजार गाड्या जात असतील, तर तासाला शंभर माणसं रस्ता ओलांडताना मोजणाऱ्याला दिसली पाहिजेत.

गणित बरोबर आहे. पण यात एक माणूस कधीच मोजला जात नाही. भीतीपोटी ज्यानं रस्ता ओलांडणंच सोडून दिलं, तो. पलीकडच्या देवळात जाणं बंद केलेल्या आजी, समोरच्या मैदानाऐवजी जिन्यात खेळणारी मुलं, दोनशे पावलांवरच्या शाळेला रिक्षानं पाठवलेली मुलगी, यांची नोंद कुठल्याच तक्त्यात नसते. उलट चौक जितका भीतीदायक, तितके ओलांडणारे कमी आणि तितकाच गुणाकार लहान. कोकणात भर पावसात फुगलेल्या वहाळाच्या काठी उभं राहावं, पाण्यातून पलीकडे जाणारी माणसं मोजावीत आणि ‘कोणी जातच नाही, मग साकव कशाला?’ असं लिहून द्यावं, त्यातलाच हा प्रकार. अपघातांच्या मोजणीचंही तसंच. ती कसोटी पुरी व्हायला आधी कोणाला तरी गाडीखाली यावं लागतं.

ही उलटी मोजणी सुलटी करून दाखवली ती नेदरलँड्स या छोट्या देशानं. आज आपण तो सायकलींचा देश म्हणून ओळखतो, पण १९७० च्या सुमारास तिथली स्थिती वेगळी होती. मोटारी झपाट्यानं वाढल्या होत्या. १९७१ या एका वर्षात तिथे तीन हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. व्हिक लांगेनहोफ या पत्रकाराची लहान मुलगी अशीच गेली. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी ‘डे टाइड’ या दैनिकात लेख लिहिला. मथळा होता, ‘स्टॉप डे किंडरमोर्ड’, म्हणजे मुलांच्या हत्या थांबवा. त्याच नावाची चळवळ देशभर उभी राहिली. मार्टिए फान पुटेन ही तरुणी तिची पहिली अध्यक्ष. पुढे ती युरोपीय संसदेवर निवडून गेली.

त्याच सुमारास अ‍ॅमस्टरडॅममधल्या डे पाइप या दाटीवाटीच्या जुन्या वस्तीतली शाळकरी मुलंही उठली. मोटारींच्या आधीच्या काळात बांधलेली ही वस्ती. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना उभ्या गाड्या, खेळायला जागा नाही. मुलांनी सह्या गोळा केल्या आणि रस्त्यात अडथळे ठेवून तो स्वतःच बंद केला. चिडलेल्या मोटारवाल्यांशी त्यांची बाचाबाची झाली. त्यावरचा १९७२ चा दूरदर्शनपट आजही पाहायला मिळतो.

या लोकांनी अर्ज तर केलेच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. जिथे अपघात होत, त्या जागी जाऊन ते ठाण मांडत. रस्त्यात टेबलं मांडून जेवणावळी घालत. मुलांना घेऊन, सायकलींवरून गाणी म्हणत ते थेट पंतप्रधान योप डेन आउल यांच्या घरी गेले, आणि पंतप्रधानांनी बाहेर येऊन त्यांचं म्हणणं ऐकलं. त्यात १९७३ चं तेल संकट आलं. नोव्हेंबरपासून काही रविवार मोटारी बंद ठेवाव्या लागले आणि आपलं शहर मोटारींविना कसं दिसतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

सरकारनं काय केलं, ते माझ्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं आहे. चळवळीला सरकारनं अनुदान दिलं. डेल्फ्ट शहरात योस्ट व्हाल या अभियंत्यानं वस्तीतल्या रस्त्यांची रचनाच बदलून पाहिली होती. वळणं, झाडं, बाकं आणि उंचवटे अशा रीतीनं ठेवायचे की चालकाला वेग घेताच येऊ नये. अशा रस्त्याला ‘वोनएर्फ’ म्हणतात, आपल्या भाषेत राहतं अंगण म्हणा. १९७६ मध्ये त्याला कायद्याची मान्यता मिळाली. पुढे वस्त्यांमध्ये ताशी तीस किलोमीटरची मर्यादा आली, आणि चौकच पदपथाच्या उंचीला उचलून घेण्याची पद्धत रूढ झाली. चौकात शिरणारी गाडी तिथे आपोआप मंदावते.

वेगाला एवढं महत्त्व का? साधा हिशेब पाहा. समोर मूल आलेलं दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी पन्नासच्या वेगात तेवढ्या वेळात गाडी जवळजवळ चौदा मीटर पुढे जाते. ताशी तीसचा वेग असेल आणि रस्ता कोरडा असेल, तर तेवढ्या अंतरात गाडी पूर्ण थांबलेलीसुद्धा असते. म्हणजे एक गाडी मुलाच्या अलीकडे उभी राहते, तर दुसरीचा ब्रेकही अजून लागलेला नसतो.

नेदरलँड्समध्ये २०२३ साली रस्त्यावर ६८४ माणसं गेली. लोकसंख्या आणि वाहनं दोन्ही वाढूनही १९७१ च्या मानानं हे प्रमाण एक चतुर्थांशाच्याही आत आहे. यात सीट बेल्ट, हेल्मेट, सुधारलेली वैद्यकीय मदत यांचाही वाटा आहेच, सगळं श्रेय चौकांना देता येणार नाही. आपल्याकडे २०२२ या वर्षात देशभरात १,६८,४९१ जणांचा रस्त्यावर मृत्यू झाला. त्यांतले १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं प्रभाग समित्यांची तरतूद केली. पुणे महापालिकेनं २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता बांधला नाही म्हणून जीव गेला, तर बांधणाऱ्यालाही त्यात जबाबदार धरता येतं. साधनं आहेत. ती वापरण्याची सवय दोन्ही बाजूंना लागायची आहे.

म्हणून अर्ज लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की ‘सिग्नल बसवा’ एवढंच लिहून थांबू नका. उपाय सिग्नलच असेल असं नाही. कोपऱ्यावरच्या उभ्या गाड्या हटवूनही काम भागू शकतं. गाड्या किती वाजता जोरात येतात, कोणत्या वळणावर समोरचं दिसत नाही, आणि कोणी कोणी रस्ता ओलांडणं सोडलं आहे, हे लिहा. दारं ठोठावून ही शेवटची यादी करायला एक रविवार पुरतो. आणि अधिकाऱ्यांनाही विनंती आहे. मोजणी जरूर करा, पण ती यादी समोर ठेवून करा. अपघात किती झाले, हे विचाराच. मात्र त्याआधी हे विचारा, की या चौकाच्या भीतीनं घरात कोण बसून आहे?